शंखातलं शिसं

१

सातव्या महिन्यात आकांक्षाचं बाळ पोटातच गेलं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना तिच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली, म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्यांनी तिच्या नवऱ्याला, गोरक्षनाथला, बाजूला घेतलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे. थोडंथोडकं नाही. काय खात होती ही?"

गोरक्षनाथनं मान खाली घातली. "गोगलगाई," तो म्हणाला.

जालन्याची नोकरी सांभाळून तो वाटूरच्या शिवारात गोगलगाईंचं शेड चालवायचा. शेतातलं सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय वेगळी. ही खाण्याची, परदेशी जातीची, हिरव्या जाळीखाली फवाऱ्यांच्या गारव्यात वाढवलेली. तिचं मांस मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना जायचं. मोत्यांसारखी पांढरी अंडी मिठात घालून बाटल्यांतून जायची. या धंद्यात गोरक्षनाथचा भागीदार होता वाटूरचाच महेमूद. त्याचा टेम्पो होता. खाद्य आणि शिंपल्याचा चुरा तो आणायचा. शंख वाढायला गोगलगाईला चुना लागतो, तो या चुऱ्यातून मिळतो.

आकांक्षासाठी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या मांसाची पिशवी तपासली. त्यातही शिसं निघालं. मग गावाला विचार करायची गरज उरली नाही. खाद्य महेमूदनं आणलं, म्हणजे विषही त्यानंच आणलं. त्याच दुपारी त्याच्या टेम्पोच्या काचा फुटल्या आणि संध्याकाळच्या आत पोलिसांनी त्याला नेलं.

प्रकरण खाण्याचं, म्हणून ते अन्नसुरक्षा अधिकारी नसरीन काझी यांच्याकडे आलं. फौजदार रामराव ढाकणे यांनी त्यांना फोन केला.

"मॅडम, राग मानू नका. तुमचं आडनाव काझी अन् आत बसलेला महेमूद. तुम्ही त्याला निर्दोष ठरवलं तर लोक एकच गोष्ट बोलतील."

"आणि दोषी ठरवलं तर?"

"तर काही बोलणार नाहीत."

"मग मला जरा जास्त पुरावा लागेल, एवढंच," नसरीन म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर दोन अहवाल होते. एक घरच्या पिशवीचा, एक माल घेणाऱ्या कंपनीचा. एकाच शेडमधून एकाच खेपेला काढलेल्या गोगलगाई. घरच्या पिशवीत शिसं होतं. कंपनीच्या मालात नावालाही नव्हतं.

त्या कितीतरी वेळ ते कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिल्या. विष फक्त त्या एका बाईच्या वाट्यालाच कसं आलं?

२

गोरक्षनाथचं घर शेताच्या कडेला होतं. अंगणात त्याची आई आसराबाई पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. गळ्यात माळ. नसरीनना बघून ती उठली नाही.

"ये बाई, बस. तू बी हेच इचारायला आली असशील, सासूनं काय घातलं म्हनून."

"कोण म्हणतं असं?"

"समदं गाव म्हनून राह्यलं. मला तो परकार आवडत नव्हता, हे खरंय. धनगराच्या घरात मेंढरं पाळावीत, हे काय पाळून राह्यला, म्हनून मी गोरखला बोलायची. मी शिवत न्हाई तसल्याला. गोरखच रांधायचा, त्या तिकडल्या चुलीवर. अद्रक-लसूण, काळा मसाला, समदं घालून."

नसरीननी घरातलं पाणी, हळद, तिखट, भांडी सगळं आधीच तपासायला दिलं होतं. काही निघालं नव्हतं. आसराबाईचं रक्तही साफ होतं, आणि ती त्याच घरातली भाकरी खात होती, तेच पाणी पीत होती.

आकांक्षा आत खाटेवर पडून होती. चेहरा पिठासारखा पांढरा. उशाशी बाळासाठी शिवलेलं दुपटं कुणी उचललं नव्हतं.

"मला बोलायचं नाही असं नाही," ती म्हणाली. "पण मला आता काही आठवत नाही नीट. डोकं जड असतं."

"फक्त एवढंच सांग. गोगलगाय खायला कधी लागलीस?"

"दिवस राहिले तेव्हापासून. रक्त कमी होतं माझं. ह्यांनी कुठंतरी ऐकलं, की यात लोह असतं, चुना असतो, मांसापेक्षा चरबी कमी. खरंय ना ते?"

"खरं आहे. चांगली वाढवलेली, नीट शिजवलेली असली तर चांगलं अन्न आहे ते."

"मला उलटी यायची. हे समोर बसायचे. म्हणायचे, बाळासाठी खा." तिनं कूस वळवली. "हॉटेलवाले नुसता पाय घेतात, मांसाचा. शंखात आत काळी गुंडी असते, ती फेकून देतात. हे म्हणाले, ती गोगलगाईची कलेजी. सगळं लोह तिच्यातच. म्हणून ती माझ्यासाठी वेगळी काढून ठेवायचे. रोज."

नसरीन एकदम उठल्या. आकांक्षानं त्यांच्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही, बेटा. पडून राहा."

बाहेर येऊन त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. अहवालांचं कोडं सुटलं होतं, आणि ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. कुणी नमुना बदलला नव्हता. गोगलगाय जे काही विष गिळते ते त्या काळ्या गुंडीत साठवते, पायाच्या मांसात ते फारसं उतरत नाही. कंपनीनं पाय तपासला होता. घरच्या पिशवीत गुंड्या होत्या. दोन्ही अहवाल खरे होते. म्हणजे शिसं कंपनीला गेलेल्या गोगलगाईंतही होतं, आणि सगळ्यात वाईट घास नवऱ्यानं मायेनं निवडून बायकोच्या ताटात वाढला होता.

पण शेडमध्ये ते आणलं कुणी?

३

शेडला दोन कप्पे होते. मोठ्यात विकायच्या गोगलगाई, आणि आतल्या छोट्या कप्प्यात अंडी देणाऱ्या. नसरीननी अंड्यांची बाटली आणि अंडी देणाऱ्या काही गोगलगाई वेगळ्या पाठवल्या होत्या. त्यांच्यात शिसं नव्हतं. ना अंड्यात, ना गुंडीत. पत्र्याच्या पिंपातला शिंपल्याचा चुराही साफ होता.

"पिंपातला चुरा साफ आहे, कारण त्यानं तो नंतर बदलला," फौजदार ढाकणे म्हणाले होते. गावही तेच म्हणत होतं.

पलीकडच्या बांधावर हरिओम उभा होता. त्याचं शेत शेडला लागून. दोन हंगाम शंखी गोगलगाईंनी त्याचं कोवळं सोयाबीन जमिनीपासून कुरतडलं होतं, आणि तो त्याचा दोष गोरक्षनाथच्या शेडला द्यायचा.

"टाकल्या मी गोळ्या," त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. "गोगलगाई मारायच्या गोळ्या टाकल्या, बांधावर. ज्याला जे म्हणायचं ते म्हणा."

"जाळीच्या आत टाकल्या?"

"एकदा टाकल्या." त्यानं नजर चुकवली. "पन त्या बाईला काय व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, आईची शपथ."

"तुमच्या गोळीनं गोगलगाय फेस गाळून तिथंच मरते. मेलेली गोगलगाय कुणी रांधत नाही. आणि त्या गोळीत शिसं नसतं. ते तुमचं काम नाही, हरिओम. पण पुन्हा टाकू नका."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि मग, जसं कुणी ओझं उतरल्यावर बोलतं, तसा बोलू लागला.

"उन्हाळ्यात तर आपोआपच मरून राह्यल्या होत्या त्यांच्या. शंख पापडासारखे फुटायचे. कावळे जमायचे नुसते. मला वाटलं, आता हा धंदा बसला. मंग एकाएकी बंद झालं. पावसाळ्यात बघतो तर शंख दगडासारखे. काय खाऊ घातलं कोन जाणे."

नसरीननी मोठ्या कप्प्यातली एक गोगलगाय उचलून उन्हात धरली. शंखाच्या वळणावर एक बारीक, खोलगट रेघ होती. रेघेच्या अलीकडचा पट्टा पांढरट आणि जाड. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांवर तीच रेघ, जवळपास त्याच जागी.

अंडी देणाऱ्या गोगलगाईंवर ती नव्हती.

४

महेमूद कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. उजवा पाय सरळ पसरलेला.

"पायाला काय झालं?"

"उन्हाळ्यात टेम्पो पलटला वाटूर फाट्यावर. पोळ्यापर्यंत खाटेवरच होतो. आता चालतो, पन थंडीत दुखतं." त्यानं डोळे पुसले. "बाई, लोक काय म्हनून राह्यले ठाऊक आहे का? आमच्यात गोगलगाय चालत न्हाई, मी कधी चाखली बी न्हाई. तर म्हनतात, बघा, सोता खाल्ली न्हाई, दुसऱ्याच्या बाईला चारली. वहिनी मला भाऊ म्हनते. तिच्या बाळासाठी माझ्या लेकीनं, लायबानं, टोपी विणली होती."

"तू खाटेवर होतास तेव्हा चुरा कोण देत होतं?"

"घरात थोडा शिल्लक होता. शहाजादी, माझी बायको, डब्यात घालून न्यायची. अंड्यांच्या कप्प्यापुरता. ती अंडी फार नाजूक, तिथं खंड पडून चालत न्हाई. मोठ्या कप्प्याला पोतं लागतं. ते तिनं कसं न्यावं?"

"मग मोठ्या कप्प्याला काही मिळालं नाही?"

"थोडे दिवस न्हाई मिळालं. शंख फुटून राह्यले, गोरख रडकुंडीला आल्ता. मंग म्हनला, तू बिलकुल फिकीर करू नको, आराम कर, मी बघतो बंदोबस्त."

"कुठून बघितला?"

महेमूद बोलायला गेला आणि थांबला. त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकत गेलं. नसरीननी ते बघितलं. आतापर्यंत त्याला हे सुचलंच नव्हतं, आणि आता सुचलं होतं.

"विचारलं न्हाई मी," तो हळूच म्हणाला. "दोस्ताला काय विचारायचं?"

"महेमूद."

"बाई, जाऊ द्या ना." त्यानं हात जोडले. "त्याचं लेकरू गेलंय. त्याला हे कळलं तर तो जीव देईल. माझं काय, मी सुटेन आज न उद्या. त्याला नका सांगू."

"त्याला कळलंच नसेल असं तुला वाटतं?"

महेमूदनं वर बघितलं. त्या प्रश्नाचा अर्थ त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि तो आल्यावर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

५

गोगलगाय शंख कडेकडेनं वाढवते. जुना भाग आत राहतो, नवा बाहेर जोडला जातो. नसरीननी मोठ्या कप्प्यातल्या शंखांचे पट्टे वेगवेगळे कानशीनं घासून भुकटी तपासायला पाठवली, आणि उत्तर आल्यावर त्या ते घेऊन रामराव ढाकण्यांसमोर बसल्या.

"हा आतला भाग. साफ. तेव्हा महेमूदचा चुरा चालू होता. ही खोल रेघ, इथं शंख पातळ पडलाय. तेव्हा महेमूदचा पाय मोडला आणि चुना बंद झाला. हरिओमनं कावळे बघितले ते याच वेळी. रेघेनंतर हा जाड पट्टा. सगळं शिसं यात आहे. आणि ही अगदी शेवटची कड, नखाएवढी. पुन्हा साफ. पोळ्यानंतर महेमूद उठला आणि त्याचा चुरा परत सुरू झाला."

ढाकण्यांनी शंख हातात घेऊन फिरवला.

"म्हणजे शिसं आलं ते महेमूद खाटेवर असताना."

"आणि त्याच दिवसांत त्याच्या घरचा चुरा शहाजादी अंड्यांच्या कप्प्यात टाकत होती. त्या गोगलगाई साफ, अंडी साफ. त्याचा चुरा वाईट असता तर आधी अंडी नासली असती. मोठ्या कप्प्यात दुसरीच काहीतरी पांढरी भुकटी पडली, ढाकणेसाहेब. चुन्यासारखी दिसणारी."

"अशी भुकटी कुठं मिळते?"

नसरीनना आसराबाईचं अंगण आठवलं. ती बसली होती ते पोतं. घासून घासून फिकी झालेली निळी अक्षरं. तेव्हा त्यांनी ती वाचली नव्हती.

"गोरक्षनाथ नोकरी कुठं करतो?" त्यांनी विचारलं.

"जालन्याला एमआयडीसीत. दुचाकीवर ये-जा करतो. पाइपांचा कुठला तरी छोटा कारखाना आहे, तिथं मिक्सरवर."

नसरीन उठल्या. "गाडी काढा."

६

आसराबाईनं काही न विचारता पोतं उचलून दिलं. अक्षरं अर्धी पुसली होती, पण 'प्लास्टिक उद्योगासाठी' एवढं वाचता येत होतं. शिवणीत पांढरी धूळ अजून अडकून होती.

गोरक्षनाथ घरीच होता. आकांक्षा भिंतीला टेकून बसली होती, तिला उठवून बसवलं होतं त्यानंच. नसरीननी पोतं दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं.

"पाइप करताना प्लास्टिकमध्ये कॅल्शियमची पावडर घालतात," त्या म्हणाल्या. "ती पांढरीच असते, आणि नुसती असती तर गोगलगाईंना काही झालं नसतं. पण उष्णतेनं प्लास्टिक जळू नये म्हणून जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत आणखी एक पांढरी भुकटी घालायचे. ती शिशाची. मिक्सरखाली सांडतं ते दोन्हीचं मिश्रण. तू ते झाडून आणलंस, गोरक्षनाथ."

त्यानं पोत्याची शिवण बोटानं चाचपली. आसराबाई दारात उभी होती.

"कॅल्शियम आहे म्हनले होते," तो शेवटी म्हणाला. "तिथले समदे तिला कॅल्शियमच म्हनतात. शंख फुटून राह्यले होते. महेमूद पडून होता. मला वाटलं, फुकट जाऊन राह्यलंय, उचलावं. मला ठाऊक नव्हतं, मॅडम. लेकराची आन."

"मला खरं वाटतं," नसरीन म्हणाल्या. "तेव्हा ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी शिसं म्हटल्यावर?"

त्यानं हात पोत्यावरून मागं घेतला.

"मिक्सरवर काम करणाऱ्यांचं रक्त तपासतात तुमच्याकडे. कशासाठी, हे तुला त्या दिवशी उमगलं. दवाखान्यातून तू घरी आलास आणि उरलेली पोती हलवलीस. हे एक तुझ्या आईखाली राहिलं. बाकीची कुठं आहेत?"

"ओढ्याच्या काठाला. पुरली."

"ओढ्याचं पाणी जनावरं पितात ना?"

त्यानं चेहरा ओंजळीत धरला. दारातून आसराबाईचा आवाज आला, "अरे गोरख, काय करून बसला रे." ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.

आकांक्षा इतका वेळ नवऱ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती.

"मला त्या दिवशी का नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"कसं सांगू? तू मला..." त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "मीच भरवलं तुला. माझ्या हातानं."

"मी रडले असते. ओरडले असते. पण तुम्ही मुद्दाम केलं असं कधीच म्हणाले नसते." तिचा आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते. "महेमूदभाईंना घेऊन गेले तेव्हा शहाजादीभाभी इथं आल्या होत्या. ह्याच दारात. तुमच्या पाया पडल्या, की तुम्ही एक शब्द बोला म्हणून. मी आतून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, पोलिसांना त्यांचं काम करू द्या."

"भ्यालो मी, आकांक्षा."

"हो," ती म्हणाली. मग तिनं नसरीनकडे हात पुढे केला. "मला उठवा. ठाण्यात मला काय सांगावं लागेल ते मी सांगते. ह्यांच्याच्यानं व्हायचं नाही."

७

महेमूद सुटला. शेडमधल्या सगळ्या गोगलगाई, अंड्यांच्या साफ कप्प्यासकट, मारून खोल खड्ड्यात पुरल्या. अंडी चांगली होती, हे नसरीननी लिहून दिलं होतं. पण ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. ओढ्याच्या काठची माती खरवडून नेली. वाटूरमध्ये कुणी महेमूदची माफी मागायला गेलं नाही. फुटलेल्या काचांबद्दलही कुणी काही बोललं नाही. लोक म्हणाले, आम्हाला काय ठाऊक होतं.

आकांक्षा हसनाबादला माहेरी गेली. तिचे उपचार चालू होते. शिसं हाडांत जाऊन बसतं, ते निघायला वेळ लागतो, पुन्हा मूल इतक्यात नको, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं आणि काही विचारलं नाही.

पुरावा लपवल्याबद्दल अटक झालेल्या गोरक्षनाथला जामीन मिळाला. पंचनाम्यावर महेमूदची सही राहिली होती, म्हणून नसरीन एका सकाळी वाटूरला त्याच्या घरी गेल्या, तेव्हा तो दाराबाहेर उभा होता. अंग निम्मं झालं होतं. हातात काही नव्हतं. कितीतरी वेळ उभा असावा, कारण शेजारच्या बायका आता त्याच्याकडे बघायच्याही थांबल्या होत्या.

"आत हाय तो," गोरक्षनाथ नसरीनना म्हणाला. "खोकला ऐकू येऊन राह्यला त्याचा. मॅडम, तुम्ही सांगा ना त्याला, एकदा बाहेर ये म्हनावं. मारलं तरी चालंल."

नसरीननी कडी वाजवली. दार थोडं उघडलं. शहाजादीनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागं.

"तुम्ही आत या, बाई," ती म्हणाली. "अन् त्यांना सांगा, हे घरात न्हाईत."

आत महेमूद खाटेवर बसला होता, दाराकडे तोंड करून. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कागद घेतला, मांडीवर ठेवला, सही केली आणि परत दिला. बाहेर गोरक्षनाथनं त्याला नावानं हाक मारली, जशी लहानपणापासून मारत आला असेल तशी, अर्धंच नाव घेऊन.

महेमूदनं दुखरा पाय उचलून खाटेवर घेतला आणि शहाजादीला म्हणाला, "कडी लाव."